पाणी कुठून आत येत होतं

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो. खरं सांगायचं तर हसायला वाचायचो. अंबडच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मी तपासणी विभागात काढली. मापात बसलेला माल एका ट्रेमध्ये, न बसलेला दुसऱ्यात... तिसरा ट्रे आमच्याकडे नव्हता. बायको अमावास्येला दारावरून नारळ ओवाळायची, तेव्हा मी तिला विचारायचो, "भुताला ओलं खोबरं आवडतं की सुकं?" असा मी माणूस. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही.

ताई गेल्या वर्षी गेली, म्हणून आज लिहू शकतोय. नावं बदलली आहेत.

ताई माझी सख्खी बहीण, सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझे शाळेचे डबे ताईनंच भरले, आणि गणितात नापास झालो तेव्हाचा मारही तिनंच दिला. तिचे मिस्टर, म्हणजे आमचे दाजी, दिंडोरीकडच्या एका खेड्यातले. जेल रोडला दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये दाजींची पांढरी गाडी. तिच्यावर ते भाडी मारायचे. वणी, त्र्यंबक, कधी शिर्डी. गाडीच्या कंपनीचं नाव घेत नाही. वीस वर्षांची गाडी पावसात गळली तर त्यात कंपनीची काय चूक?

आणि गाडी गळायची. पाऊस जरा जोरात आला की ड्रायव्हरच्या पायाशी पाणी. दाजी चपला सीटवर ठेवून अनवाणी चालवायचे, खाली गोणपाट. मला म्हणायचे, "विजू, यंदा हितंच भात लावू का? इगतपुरीला जायला नको." माणूस असा होता, कशावरही चिडायचा नाही. पुढची काच गळते असं सगळ्यांचं मत. कुणी एम-सील लावलं, कुणी डांबर फासलं, तेवढ्यापुरतं थांबल्यासारखं वाटायचं आणि पुन्हा सुरू.

१९९८ च्या जूनमध्ये दाजी द्वारका चौकातल्या एका काचवाल्याकडे जाणार होते. मी म्हटलं, कशाला? मी आहे ना. रविवारी आपण दोघं करू. मला असल्या कामांची खाज, आणि कारखान्यात काम करतो म्हणजे सगळं येतं असा तोरा.

गळती शोधायची दाजींची एक पद्धत होती. ते काचा वर करून आत बसायचे, मी बाहेरून पाइपनं पाणी मारायचो. पाण्याच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, आणि आतून काच धुरकट व्हायची, म्हणून ते बोटातल्या अंगठीनं काचेवर टकटक करायचे. एकदा वाजवलं की 'पुढं सरक'. दोनदा वाजवलं की 'थांब, हितंच हाय'. त्या दिवशी मी कुठेही पाणी मारलं तरी थोड्या वेळानं दोनदा वाजायचंच. वर मारलं तरी, खाली मारलं तरी. मी निकाल देऊन टाकला — पूर्ण रबर गेलंय, नवीन घालायचं.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काचेच्या कडेनं रबर चढवतात, त्याच्या आतल्या खाचेत साबणाच्या पाण्यात भिजवलेली दोरी बसवतात आणि काच बाहेरून चौकटीवर टेकवतात. मग बाहेरचा माणूस तळव्यांनी काच दाबत राहतो आणि आतला हळूहळू दोरी ओढतो. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावर चढत जाते. शेवटी बाहेरून रबरात चमकत्या पट्ट्या दाबून बसवायच्या. एकट्यानं होत नाही, दोघांचा मेळ लागतो.

आमचा मेळ बसला होता, पण माझं माप चुकलं. रबर ताणून बसवलं, आणि ताणलेलं रबर नंतर आक्रसतं. खालच्या कोपऱ्यात जिथे दोन टोकं भेटतात तिथे बोटभर फट राहिली.

दाजी म्हणाले, "आरं, हितं फट ऱ्हायली ना. उद्या दुसरं आणू का?"

"राहू द्या हो दाजी. सिलंट भरतो. आयुष्यभर थेंब येणार नाही."

ताई तेव्हा चहाचे कप घेऊन शेजारी उभी होती.

ऑगस्टमध्ये दाजी एक भाडं इगतपुरीला सोडून परत येत होते. दुपारचे चार वाजले असतील. येताना घोटीपर्यंत म्हणून एका शाळामास्तरांना त्यांनी पुढे बसवून घेतलं होतं. पुढचं सगळं त्या मास्तरांनीच आम्हाला सांगितलं. पावसानं रस्ता दिसत नव्हता. एकदम वायपर थांबले, दिवेही गेले. दाजी म्हणाले, "पाणी फ्यूजवर आलं वाटतं, गुरुजी." गाडी कडेला घेऊन ते फडकं घेऊन उतरले, आणि काच पुसत असताना मागून आलेल्या ट्रकनं त्यांना उडवलं. गाडीला साधा ओरखडा नाही. मास्तरांनाही काही झालं नाही.

दहाव्याला, सगळे नातेवाईक बसलेले असताना, ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "आयुष्यभर थेंब येणार नाही म्हणाला होतास ना?"

एवढंच. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. त्या वर्षी भाऊबीजेला तिनं मला बोलावलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मी दारापर्यंत गेलो तर पाणी द्यायची, पाहुण्याला देतात तसं. मलाही चूक माझीच वाटत होती. फट मी पाहिली होती, मापात न बसणारा माल मी स्वतःच्या हातानं पास केला होता. कारखान्यात असं केलं असतं तर मला घरी बसवलं असतं. इथे कुणी शिक्षाही देत नव्हतं.

एक मंजू तेवढी यायची. ताईची एकुलती एक मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची. दर भाऊबीजेला सायकलवर माझ्याकडे चिवड्याचा डबा घेऊन यायची. पहिल्या वर्षी आली तेव्हा दारातच म्हणाली, "मामा, आई काही म्हणू दे. मला नाही वाटत तुझी चूक आहे." मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, कारण त्या पोरीसमोर रडायचं नव्हतं. पाच वर्षं ती येत राहिली. त्या पाच वर्षांत मला कुणी धरून ठेवलं असेल तर तिनं.

२००३ च्या जुलैमध्ये मंजूचा फोन आला. "मामा, आई गाडी विकायला काढतेय. मी लायसन काढलंय, बाबांची गाडी मी चालवणार. तू दुरुस्त करून दे ना."

"ताई काय म्हणते?"

"ती म्हणते, पाणी कुठून येतं ते आधी शोधून दाखवा. त्याशिवाय पोरगी त्या गाडीत बसणार नाही."

म्हणजे ताईनं मला बोलावलं नव्हतं, पण अडवलंही नव्हतं. मी रविवारी सकाळी दहाला हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. ताई भजनी मंडळाला गेली होती, मुद्दामच गेली असणार. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली, डावी बाजू भिंतीला चिकटलेली. म्हणजे उघडेल असं एकच बाजूचं दार, ड्रायव्हरचं. ताडपत्री काढली, धुळीनं खोकला आला. दाजींची फडकी सीटखाली तशीच होती. हात लावायचं धाडस झालं नाही.

या वेळी मी काम शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं होतं. गाडी पाच वर्षं बंद, इंजिनाच्या वायरी भिजायला नकोत म्हणून बॉनेटवर आणि काचेच्या पायथ्याच्या हवेच्या जाळीवर प्लास्टिक अंथरलं. काचा वर केल्या. मंजू म्हणाली, "मामा, साबणाची पावडर संपलीय. कोपऱ्यावरून घेऊन येते, मग आत बसते मी." ती छत्री घेऊन गेली. बाहेर भुरभुर चालू होती.

मला कुठला धीर. मी नळ सोडला आणि पाइप धरला तो थेट त्या कोपऱ्यावर, माझ्या बोटभर फटीवर. पाच वर्षं स्वप्नात दिसलेली जागा होती ती.

आतून काचेवर एकदा वाजलं.

मला वाटलं, मी नळ सोडायला गेलो तेवढ्यात मंजू येऊन आत बसली. मी वळूनही पाहिलं नाही. "काय, इथे नाही?" म्हणून पाइप थोडा पुढे नेला. पुन्हा एकदाच वाजलं. पुढं सरक. मी सरकलो. खालची पूर्ण कड झाली, उजवी उभी कड, वरची, डावी. दर वेळी एक. बारीक, कडक आवाज, धातू काचेवर वाजतो तसा. पोरीच्या हातात गाडीची किल्ली असेल असं मी धरून चाललो. काचेवर बाहेरून धूळ-पाणी, आतून वाफ, काही दिसत नव्हतं.

पूर्ण फेरी झाली तरी पाणी कुठेच आत येत नव्हतं. मी वैतागलो. "अगं मंजू, नीट बघ! येतंय ना खाली?" असं ओरडलो आणि पाइपाला हिसका दिला. त्या हिसक्यानं प्लास्टिक सरकलं, आणि पाइपाची धार काचेच्या पायथ्याच्या जाळीत गेली.

दोनदा वाजलं.

मी पाइप बाजूला केला. शांत. परत जाळीवर धरला... टक टक. जरा थांबून पुन्हा टक टक. आणि मग घाईनं, एकामागून एक, दोन-दोन. अस्सं कुणी आपल्याला कधी सांगत नाही, जीव तोडून.

"मामा, कुणाशी बोलतोयस?"

मंजू फाटकात उभी होती. एका हातात ओली छत्री, दुसऱ्या हातात पावडरचा पुडा.

मी जिथे उभा होतो तिथे ड्रायव्हरचं दार माझ्या मांडीला लागून होतं. कुणी बाहेर पडणं शक्यच नाही. मी दार उघडलं. आत कुणी नव्हतं. सीटवर पाच वर्षांची धूळ, बोटाचा ठसाही नाही. फक्त स्टिअरिंगच्या खाली फ्यूजच्या डब्यावर पाणी टपटपत होतं. माझ्या डोळ्यांदेखत. मी तिथेच गाडीच्या उंबऱ्यावर बसलो. मंजूला म्हटलं, "चक्कर आल्यासारखं झालं, जरा चहा ठेव."

ती आत गेल्यावर मी जाळीचे स्क्रू काढले. जाळीखाली एक पन्हळीसारखी जागा असते, पावसाचं पाणी तिथे पडून एका नळीतून खाली जमिनीवर जातं. ती जागा भरलेली होती. मी हात घातला आणि मूठभर काळा चोथा निघाला. आणखी एक मूठ. तिसऱ्या मुठीत मला ते ओळखू आलं. तांदूळ. कुजून एकमेकांना चिकटलेले तांदळाचे दाणे, झेंडूच्या पाकळ्या, हाराचा दोरा, आणि मधेच जशीच्या तशी दोन आपट्याची पानं.

आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. पण ताईची पूजा म्हणजे हात सैल. चिमूटभर अक्षता नाहीत, ओंजळभर. काचेच्या पायथ्याशी हळद-कुंकू, त्यावर अक्षता, त्यावर सुटी फुलं, आणि 'माझ्या माणसाला सुखरूप आण' म्हणून कपाळ टेकायची बॉनेटवर. गाडी सुरू झाली की ते सगळं घरंगळत त्या जाळीत जायचं. दर वर्षी. दाजी गेल्यावर पूजा बंदच झाली होती, म्हणजे हा सगळा थर त्याआधीचा. त्यानं नळी बुजली, जाळीत शिरलेलं पाणी तुंबलं आणि फ्यूजवर सांडलं. काचेवर कुठेही पाणी मारलं की शेवटी ते ओघळून तिथेच जायचं, म्हणून त्या वेळी सगळीकडे दोनदा वाजत होतं. माझ्या फटीतून एक थेंबही आला नव्हता. मी 'आयुष्यभर' म्हटलं ते खरं होतं.

आता लाज वाटते लिहायला, पण मला आनंद झाला. खूप झाला. पाच वर्षांचं ओझं उतरलं, मी मोकळा, मी निर्दोष! तो चोथा बादलीत भरून ताईच्या पुढ्यात आपटावा, दहाव्याला जमलेले सगळे पुन्हा बोलवावेत, असं वाटलं. हे सगळं मिनिटभर. मग हाताला लागलेला पिवळा लाल रंग दिसला, ताईच्याच हळद-कुंकवाचा, आणि चोथा मी मुकाट बादलीत टाकला.

फाटक वाजलं. ताई आली. बरोबर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ बघितलं.

"सापडलं?"

मी बादली पायानं गाडीखाली सरकवली.

"सापडलं. माझाच जॉइंट. त्या फटीतून येत होतं."

मागे दारात मंजू चहाचे कप घेऊन उभी होती, हे मला तेव्हा दिसलं नाही.

ताई हळूच ओट्यावर बसली. मला वाटलं आता फुटेल, बोल लावेल. पण ती म्हणाली, "विजू, मला भीती वाटायची रे. त्या दिवशी ते जायला तयार नव्हते, पाऊस बघून. मीच म्हटलं, घरात बसून काय करणार, जा. मला रोज वाटायचं, मीच पाठवलं त्यांना." आणि ती रडली. दाजी गेल्यावरही अशी रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं तो झटकला नाही. "कबूल केलंस, बरं केलंस," म्हणाली.

मग मला खोटं निस्तरायचं होतं. मी चांगलं, न गळणारं रबर ताईच्या देखत ब्लेडनं कापलं. दुसऱ्या रविवारी नवीन आणून बसवलं, या वेळी मापापेक्षा थोडं जास्त ठेवून. मी बाहेरून काच दाबत होतो, आत मंजू दोरी ओढत होती. ती एक शब्द बोलली नाही. "हळू ओढ गं, तुटेल" म्हटलं तरी नाही. चमकत्या पट्ट्या बसवायला मी चमच्याच्या दांड्यानं रबर उचलत होतो, तेव्हा ती पट्टी धरायला थांबलीच नाही, आत निघून गेली. जाळीखाली मी बारीक तारेची चाळण लावली. ताईनं विचारलं तर म्हटलं, "कचरा जाऊ नये म्हणून." चोथा मी दसकच्या घाटावर नेऊन नदीत सोडला. शेवटी निर्माल्यच ते.

गाडी पुन्हा कधी गळली नाही. त्या दिवाळीपासून ताईनं मला ओवाळलं, गेल्या वर्षीपर्यंत, एकदाही चुकलं नाही. चिवड्याचा डबा घेऊन मात्र पुन्हा कुणी आलं नाही.

आवाजाबद्दल मी करता येईल ते सगळं केलं. गार पाण्यानं पत्रा आक्रसतो, काच कडकडते, मला माहीत आहे. म्हणून जुनं रबर कापायच्या आधी त्याच जागी उभा राहून तेच पाणी, तोच पाइप, दहा-बारा वेळा मारून पाहिलं. एकदाही वाजलं नाही. बरं, काच आपोआप वाजली म्हणावं, तर ती फटीवर एकदा आणि जाळीवर दोनदाच कशी वाजली? दाजींची अंगठी कुठे आहे, तेही मी ताईला विचारून पाहिलं. तिच्या कपाटातच होती.

गेल्या वर्षी ताईच्या दहाव्याला मंजू आली. आता ती परदेशात असते, मराठी वाचणं सुटलंच आहे तिचं. सगळे गेल्यावर आम्ही दोघंच ओट्यावर होतो. ती म्हणाली, "मामा, पाच वर्षं मी सगळ्यांशी तुझ्यासाठी भांडले. आईशीसुद्धा. आणि तुला माहीत होतं. आईनं माफ केलं तुला. मला नाही जमलं."

तिला खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझ्या आईच्या ओंजळीतल्या अक्षतांनी... नाही. मी म्हटलं, "बरं." आणि तिची बॅग रिक्षापर्यंत नेऊन दिली.

आत कोण होतं, हे मला आजही सांगता येत नाही. दाजी असतील तर त्यांना एकच विचारायचंय. ताईवर तुमचा इतका जीव होता, आणि हे तिच्याबद्दलचं, दाजी, तुम्ही मला का सांगितलंत?